कर्नल साइक्सचे दख्खन

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पेशवाई संपली. इतिहासाच्या तासाला हे वाक्य आपण दरवर्षी सांगतो. ५ नोव्हेंबरची खडकीची लढाई, १६ नोव्हेंबरची येरवड्याची चकमक, बापू गोखले, एल्फिन्स्टन, दुसऱ्या बाजीरावाचे पलायन, एवढे सांगून झाले की पुढचा धडा सुरू होतो. पण निशाण चढल्यावर दुसऱ्या दिवशीपासून काय झाले? ज्या मुलखाची भाषा, पिके, वजनेमापे, जमिनीचे हक्क, पाऊसपाणी यांपैकी फारसे काही ठाऊक नाही, तो मुलूख चालवायचा कसा, हा प्रश्न कंपनी सरकारपुढे होता. लढाई जिंकायला तोफा पुरतात, राज्य चालवायला माहिती लागते.

ही माहिती गोळा करण्याच्या कामावर जी माणसे नेमली गेली, त्यांत खडकी आणि पुण्याच्या लढाईत स्वतः लढलेला एक लष्करी अधिकारी होता. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात तो सहसा भेटत नाही. जीवशास्त्राच्या पुस्तकात मात्र भेटतो, पण तेथेही प्राण्याच्या शास्त्रीय नावाच्या मागे कंसात किंवा तळटिपेत. ओढ्याकाठी मान आखडून बसलेली ढोकरी, माळावरचा लांडगा, चिंकारा, मुळा-मुठेतला खडशी जातीचा महसीर या सगळ्यांच्या शास्त्रीय नावांच्या मागे आजही ‘साइक्स’ असे लिहिले जाते. एका शिपाईगड्याचे नाव तेथे कसे पोचले, आणि त्या नावाच्या आड कोण कोण राहिले, हे पाहण्यासारखे आहे.

चौदाव्या वर्षी फौजेत

साइक्सचा जन्म १७९० साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. १८०३ साली तो कंपनीच्या मुंबई फौजेत उमेदवार म्हणून दाखल झाला आणि १८०४ मध्ये त्याला अधिकारपद मिळाले. तेव्हा त्याचे वय चौदा वर्षांचे होते. आज आपला आठवी-नववीचा विद्यार्थी ज्या वयाचा असतो, त्या वयात हा मुलगा समुद्रापार तलवार लावून निघाला. त्या काळी कंपनीच्या नोकरीत यात नवल नव्हते. पुढच्याच वर्षी, १८०५ मध्ये, लॉर्ड लेकने भरतपूरच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यात तो होता. तो वेढा फसला. म्हणजे त्याची पहिली मोठी लढाई पराभवाचीच ठरली.

त्यानंतर त्याची बरीच नोकरी दख्खनमध्ये गेली. तो येथील भाषा शिकला. १८१७-१८ च्या युद्धात खडकी आणि पुणे येथील लढायांत तो कंपनीच्या हिंदी शिपायांबरोबर होता, पुढे डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमेतही होता. १८१९ मध्ये तो कॅप्टन झाला. मग रजा घेऊन त्याने सुमारे चार वर्षे युरोपात प्रवास केला. ही चार वर्षे महत्त्वाची मानायला हवीत. युरोपात तेव्हा निसर्गाचे निरीक्षण करणारी मंडळे भराभर वाढत होती, वायुभारमापक, तापमापक अशी उपकरणे सुधारत होती, आणि मोजणे हा ज्ञानाचा पाया आहे ही कल्पना रुजत होती.

१८२४ मध्ये तो मुंबईला परतला तेव्हा एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता. त्याने साइक्सला एक नवेच पद दिले. त्या पदाचे काम होते दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करून सरकारला कळवणे. पुणे, अहमदनगर, धारवाड आणि खानदेश असे चार जिल्हे त्याच्याकडे होते. लोकसंख्या, पिके, भाव, मजुरी, जमिनीचे धारे, हवामान, खडक, प्राणी यांपैकी जे मोजता येईल ते मोजायचे आणि जे मोजता येणार नाही ते लिहून काढायचे. पुढची पाच-सहा वर्षे साइक्स तंबू घेऊन दख्खनमध्ये फिरला.

हवेची भरती-ओहोटी

विज्ञानाच्या शिक्षकाला साइक्सचे सर्वांत उपयोगी पडेल असे काम म्हणजे वायुभाराच्या नोंदी. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा दख्खनच्या हवामानावरचा मोठा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच ‘वातावरणातील भरती-ओहोटी’ असे शब्द आहेत.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, हे मुंबईच्या मुलाला सांगावे लागत नाही. पण हवेलाही दोनदा भरती येते, हे पुण्याच्या मुलालाही ठाऊक नसते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वायुभार सर्वाधिक असतो. मग तो उतरत जाऊन दुपारी चार-पाचला सर्वांत कमी होतो. पुन्हा चढत जाऊन रात्री दहा-अकराला दुसरे शिखर गाठतो आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा खाली येतो. उष्ण कटिबंधात ही गोष्ट अलेक्झांडर फॉन हुंबोल्टसारख्या प्रवाशांनी आधी पाहिली होती. साइक्सने दख्खनच्या पठारावर वर्षानुवर्षे नोंदी ठेवून तिची नियमितता दाखवून दिली. पाऊस असो, ऊन असो, हजारो नोंदींत सकाळपेक्षा दुपारचा भार कमी असल्याचा नियम मोडलेला दिसला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

हा फरक मोठा नसतो. पाऱ्याच्या स्तंभात अडीच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे ३ मिलिबार. मग त्याचे महत्त्व काय? येथे जरा हिशेब करून पाहू. पुण्याच्या उंचीवर सुमारे ९ मीटर वर चढले की वायुभार १ मिलिबारने कमी होतो. म्हणजे ३ मिलिबार हा फरक सुमारे २७ मीटर उंचीइतका झाला. वायुभारमापक वापरून कोणी एखाद्या टेकडीची उंची सकाळी दहाला काढली आणि तीच पुन्हा दुपारी चारला काढली, तर टेकडी दुपारी २७ मीटरने उंच झालेली दिसेल! टेकडी अर्थातच तेथेच आहे. तेव्हा उंची अचूक काढायची असेल, तर आधी हवेची ही रोजची भरती-ओहोटी समजून घेऊन ती वजा करावी लागते.

आता एक अवघड प्रश्न. समुद्राची भरती मुख्यतः चंद्रामुळे येते आणि म्हणून ती रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकते. हवेची ही भरती घड्याळाला धरून असते, सरकत नाही. म्हणजे तिचे कारण सूर्य असले पाहिजे. पण सूर्य तर दिवसातून एकदाच तापतो. मग शिखरे दोन का? हे कोडे सुटायला साइक्सनंतर सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. आजचे उत्तर थोडक्यात असे आहे. खालच्या थरातील पाण्याची वाफ आणि वरच्या थरातील ओझोन सूर्याची उष्णता शोषतात. त्यामुळे वातावरणात चोवीस तासांच्या आणि बारा तासांच्या अशा दोन्ही प्रकारच्या लाटा उठतात. चोवीस तासांच्या लाटेचा बराचसा भाग वरच्यावर एकमेकांना छेदून नाहीसा होतो. बारा तासांच्या लाटेची उभी तरंगलांबी फार मोठी असल्याने ती जमिनीपर्यंत जवळजवळ शाबूत पोचते. म्हणून जमिनीवरच्या उपकरणाला दोन शिखरे दिसतात. सिडनी चॅपमन आणि रिचर्ड लिंडझेन यांचा या विषयावरचा ग्रंथ १९७० साली आला.

१८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. पुणेकर त्या इमारतीला ‘शिमला ऑफिस’ म्हणू लागले. साइक्सने पठारावर नोंदी घेतल्यानंतर शंभर वर्षांनी पुणे हे देशाच्या हवामान-निरीक्षणाचे केंद्र झाले, हा योगायोग मुलांना सांगण्यासारखा आहे.

उकळत्या पाण्याने मोजलेले डोंगर

साइक्सचा आणखी एक लेख १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. विषय होता साध्या तापमापकाने उंची कशी मोजावी. पाऱ्याचा वायुभारमापक म्हणजे जवळजवळ गजभर लांब काचेची नळी. ती बैलाच्या पाठीवरून किंवा हमालाच्या खांद्यावरून घाट चढून नेणे म्हणजे फुटण्याची टांगती तलवार. त्या मानाने तापमापक लहान, स्वस्त आणि सोबत दोन-चार ठेवता येण्यासारखा.

यामागचे तत्त्व सोपे आहे. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळते. साधारणपणे ३०० मीटर चढल्यावर उत्कलनबिंदू १ अंश सेल्सिअसने उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तेथे पाणी ९८ अंशांच्या जरा वर उकळते. सिंहगड सुमारे १,३०० मीटर उंच आहे. तेथे ते साडेपंचाण्णव अंशांच्या आसपास उकळते. पाठ्यपुस्तकातला १०० अंश हा आकडा महाराष्ट्राच्या पठारावरच्या बहुतेक शाळांत प्रत्यक्षात कधीच येत नाही. आकडा आला नाही म्हणून मुलांच्या वहीत चूक काढू नये, उलट त्यातून गावाची उंची काढायला सांगावे.

या पद्धतीची मर्यादाही मुलांना दाखवावी. तापमापक वाचताना एक दशांश अंशाची चूक झाली तर उंचीत ३० मीटरची चूक होते. वर पाहिलेली हवेची भरती-ओहोटी जवळजवळ तेवढीच चूक घडवते. म्हणजे कोणतेही माप सांगताना ‘किती’ या प्रश्नाइतकाच ‘किती खात्रीने’ हा प्रश्न महत्त्वाचा.

खडकांकडेही साइक्सचे लक्ष होते. दख्खनच्या काही भागाच्या भूशास्त्रावरचा त्याचा लेख १८३३ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे वाचला गेला. सपाट माथे, एकावर एक आडवे थर आणि पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे डोंगर यांचे वर्णन त्यात आहे. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून अशा खडकांना ‘ट्रॅप’ म्हणत. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावाचे श्रेय सामान्यतः साइक्सला दिले जाते. हे थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे लोट आहेत, हे वयाचे गणित मात्र विसाव्या शतकातले.

कोळ्याचा शब्द, शास्त्रज्ञाचे नाव

प्राण्यांच्या बाबतीत साइक्सचे काम आश्चर्य वाटावे एवढे आहे. १८३१ आणि १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात त्याच्या दख्खनमधील सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या याद्या आल्या. पक्ष्यांच्या यादीत दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या पन्नासहून अधिक त्याने विज्ञानाला नवीन म्हणून वर्णिल्या. त्यांतली ओळखीची ढोकरी, तिचे शास्त्रीय नाव आर्डिओला ग्रेयी. हळद्या पक्ष्याला त्याने ओरिओलस कुंडू म्हटले. एका शेंडीवाल्या चंडोलाला ‘देवा’, एका वटवट्याला ‘रामा’, एका धोबी पक्ष्याला ‘बीमा’, एका बुलबुलाला ‘गणीसा’ आणि एका रातव्याला ‘मराठेन्सिस’ अशी नावे त्याने दिली. लांडग्याला कॅनिस पॅलिपेस म्हटले. चिंकाऱ्याचे आजचे नाव गझेला बेनेट्टी हेही त्याचेच.

शेकरूचे उदाहरण विशेष आहे. भीमाशंकरच्या रानातल्या शेकरूला साइक्सने आपल्या गव्हर्नरच्या गौरवार्थ ‘एल्फिन्स्टनी’ हे नाव दिले. पुढे लक्षात आले, की आज रातुफा इंडिका म्हणून ओळखली जाणारी मोठ्या खारीची ही जात १७७७ मध्येच शास्त्रात नोंदलेली आहे. प्राण्यांच्या नामकरणात जो आधी नाव देतो त्याचे नाव टिकते. त्यामुळे एल्फिन्स्टनी हे नाव केवळ एका उपजातीपुरते राहिले. रानकुत्र्याचेही तसेच झाले. त्याला साइक्सने दख्खनवरून ‘डुखुनेन्सिस’ म्हटले आणि त्याचे मराठी नाव ‘कोळसून’ हेही नोंदले, पण ती जात आधीच वर्णिलेली निघाली. शेकरू आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. राज्यकर्त्याचे नाव त्याच्यावर लावण्याचा एक प्रयत्न होऊन गेला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

आता माशांकडे वळू. शनिवार पेठेची वायव्य बाजू मुठेला लागून आहे. ओंकारेश्वराच्या काठावरून खाली उतरले की नदी. थोडे पुढे संगमाजवळ मुठा मुळेला मिळते. याच मुळा-मुठेतून आणि दख्खनच्या इतर नद्यांतून साइक्सने मासे मिळवले आणि चाळीसहून अधिक जातींचे वर्णन केले. हा लेख १८४१ मध्ये पूर्ण स्वरूपात छापला गेला. त्यातली नावे उच्चारून पाहा. खुद्री, कोलस, नुकटा, मळ्या, शिंगटी, रोहती, लोना, टाकरी, इचकिया. लॅटिन वाटावे असे यांत काही नाही. काठावरच्या कोळी-भोयांनी जे नाव सांगितले, तेच साइक्सने आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले आणि शास्त्रीय नावात वापरले. टॉर खुद्री, गारा मळ्या, मिस्टस शिंगटी ही नावे आज जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ वापरतात. जपानमधल्या किंवा ब्राझीलमधल्या संशोधकाला ती वापरताना आपण मुठेकाठचा एक बोलीतला शब्द उच्चारतो आहोत, याची कल्पनाही नसेल.

यात साइक्सचा मोठेपणा आहे, हे मान्य करायला हवे. स्थानिक माणसाला माशांची जात ओळखता येते, त्याच्या नावांत वर्गीकरण दडलेले असते, हे त्याने जाणले. मिशांवरून आणि काट्यांवरून ज्याला शिंगटी म्हटले, नाकावरच्या उंचवट्यावरून ज्याला नुकटा म्हटले, त्यांच्या नावांत निरीक्षण आहेच. पण दुसरी बाजूही पाहावी. काही माशांना त्याने माणसांची नावे दिली. यॅरेल, ऑगिल्बी, व्हिगर्स, चिल्ड्रन ही सारी मंडळी लंडनच्या शास्त्रीय वर्तुळातली. ज्याने जाळे टाकले, मासा आणून दिला आणि त्याचे नाव सांगितले, अशा कोणा कोळ्याचे स्वतःचे नाव एकाही माशाला मिळाले नाही. त्याचा शब्द शास्त्रात गेला, माणूस बाहेरच राहिला.

जुन्या वर्णनांना आज काय किंमत, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर म्हणून महसुळ्याची गोष्ट सांगता येईल. साइक्सने एका माशाला ‘मुसुल्लाह’ असे नाव दिले होते. पुढे दीर्घकाळ हे नाव कावेरीतल्या, पाठीवर उंचवटा असलेल्या प्रचंड महसीरला लावले जात होते. २०१३ मध्ये संशोधकांनी साइक्सचे मूळ वर्णन पुन्हा तपासून दाखवले, की त्याचा मासा वेगळ्याच प्रजातीतला आहे. म्हणजे कावेरीतल्या महसीरला बिनचूक शास्त्रीय नावच उरले नाही. २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवी हाच आहे हे निश्चित झाले आणि नाव ठरल्यानंतरच त्याला अतिधोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्थान मिळू शकले. ज्याला नाव नाही त्याला वाचवायचे कसे? कावेरीतल्या त्या माशाला धोका ठरलेल्या गोष्टींत बाहेरून आणून सोडलेला महसीरही आहे, आणि तो दुसरा तिसरा कोणी नसून साइक्सचा खुद्री आहे. लोणावळ्याजवळ वळवणच्या तळ्यावर १९७० च्या दशकापासून खुद्रीची यशस्वी पैदास झाली आणि तेथून त्याची पिले अनेक नद्यांत गेली. मासा वाचवण्याचे एक चांगले काम दुसऱ्या नदीत अडचणीचे ठरले.

त्याच काळातले दुसरे मोजमाप

साइक्स फिरत होता त्याच वर्षांत पुणे जिल्ह्यात दुसरे एक मोजमाप चालू होते. ते न सांगितल्यास ही गोष्ट अर्धवट राहील. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा कंपनीचा मुलकी अधिकारी जमिनीची पाहणी करून सारा ठरवत होता. इंग्लंडमध्ये तेव्हा रिकार्डो आणि मिल यांचा खंडाचा सिद्धांत नवा होता. त्यानुसार प्रिंगलने प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढले, त्यातून लागवडीचा खर्च वजा केला आणि राहिलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे असे ठरवले. कागदावर ही पद्धत अत्यंत शास्त्रीय होती. १८३० मध्ये ती लागू झाली आणि फसली. उत्पन्नाचे आकडे चुकीचे होते, ते जमवणाऱ्या हाताखालच्या नोकरांत लाचलुचपत होती, आणि भाव उतरल्यावर सारा शेतकऱ्याला झेपेना. लोक गावे सोडून निजामाच्या मुलखात गेले, जमिनी पडीक राहिल्या. अखेर १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून नवी, व्यवहाराला धरून असलेली पद्धत सुरू केली.

वायुभाराची नोंद चुकली तर लेखातला एक आकडा चुकतो. जमिनीच्या उत्पन्नाची नोंद चुकली तर गाव उठते. दोन्ही कामांत मोजणारे होते, तक्ते होते, गणित होते. फरक असा, की साइक्सच्या वायुभारमापकाला खोटे बोलून फायदा नव्हता आणि प्रिंगलच्या कारकुनाला होता. शिवाय साइक्सने आधी मोजले आणि मग नियम मांडला. प्रिंगलने सिद्धांत आधी आणला आणि आकडे त्यात बसवले. विज्ञानाच्या पद्धतीवर मुलांशी बोलताना याहून घरचे उदाहरण मिळणे कठीण.

साइक्सनेही जमिनीच्या हक्कांवर लिहिले आहे. मिरासदार आणि उपरी यांतला फरक, बलुतेदार, गावच्या जुन्या कागदांतून दिसणारी थळांची आणि घराण्यांची नोंद यांचा त्याने अभ्यास केला आणि तो १८३५ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही माहिती पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांतूनच मिळणारी होती. पेशवाईत ही दप्तरे चोख ठेवण्याची रीत नसती, तर कोणत्याही साहेबाला एवढ्या लवकर दख्खनचा हिशेब लागला नसता.

पद गेले, काम राहिले

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन गेला आणि जॉन माल्कम गव्हर्नर झाला. कंपनीने काटकसर आरंभली. डिसेंबर १८२९ मध्ये साइक्सचे पद रद्द झाले. त्याने मात्र लष्करी कामातून सवलत मागून घेतली आणि अहवाल पुरा करण्याचे काम चालू ठेवले. जानेवारी १८३१ मध्ये शेवटचा अहवाल देऊन तो रजेवर विलायतेला गेला. त्याच वर्षी तो लेफ्टनंट कर्नल झाला आणि १८३३ मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झाला. त्याचे बहुतेक लेख निवृत्तीनंतर, दख्खनमध्ये भरलेल्या वह्यांतून तयार झाले.

पुढचे आयुष्य त्याने लंडनमध्ये काढले, पण विषय हिंदुस्थानचाच राहिला. १८३४ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत तो होता आणि १८६३ ते १८६५ या काळात तिचा अध्यक्ष होता. १८३४ मध्येच तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १८४० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून आला. १८४७ मध्ये त्याने कंपनीच्या फौजांतील मृत्युदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंदी शिपायांपेक्षा गोरे शिपाई फार जास्त प्रमाणात मरत होते. त्याचे खापर केवळ हवामानावर न फोडता साइक्सने दारू, अवाजवी खाणे आणि रिकामपण यांच्याकडे बोट दाखवले. आकडे सरकारी समजुतीच्या विरुद्ध गेले तरी ते मांडायचे, ही त्याची सवय येथेही दिसते.

१८५६ मध्ये तो कंपनीचा अध्यक्ष झाला. ज्या कंपनीत तो चौदाव्या वर्षी शिरला, तिच्या शिखरावर तो पोचला, आणि दोनच वर्षांत, १८५८ मध्ये, कंपनीचे राज्य राणीच्या सरकारकडे गेले. १८५७ पासून मृत्यूपर्यंत तो स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात होता. तेथे त्याने चीनमधील तायपिंग बंडखोरांची बाजू घेतली आणि १८६३ मध्ये त्यांवर पुस्तकही लिहिले. १६ जून १८७२ रोजी तो वारला.

मग साइक्सला काय म्हणावे? परक्या सत्तेचा नोकर की विज्ञानाचा सेवक? हे दोन पर्याय समोर ठेवून एकावर खूण करायला लावणे बरे नाही. ज्या माहितीने दख्खनची ढोकरी आणि लांडगा जगाला कळला, तीच माहिती साऱ्याची आकारणी करणाऱ्या सरकारच्या टेबलावर जात होती. एल्फिन्स्टनला राज्य चालवायचे होते म्हणून साइक्सला पगार मिळाला, आणि सरकारला काटकसर हवी होती म्हणून पगार बंद झाला. पगार बंद झाल्यावरही त्याने मोजणे सोडले नाही, हे मात्र त्याचे स्वतःचे.

हे सारे लिहिले गेले इंग्रजीत आणि छापले गेले लंडनमध्ये. ज्यांच्या मुलखाचे हे वर्णन होते त्यांच्या हाती ते पडले नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले १८३२ मध्ये आणि ‘दिग्दर्शन’ मासिक १८४० मध्ये. शास्त्रीय विषय मराठीतून लोकांपुढे मांडण्याची सुरुवात त्यांनी केली. मुठेकाठचे शब्द लंडनला जाऊन पोचले त्याच दशकात लंडनचे ज्ञान मराठीत येऊ लागले होते. ही दुसरी वाट आजही पूर्ण झालेली नाही, आणि ती पुढे नेणे शिक्षकांच्याच हाती आहे.

वर्गासाठी तीन कामे

पहिले काम वायुभाराचे. काही मोबाइल फोनांत वायुभार मोजण्याची सोय असते. तो फोन एकाच जागी ठेवून आठवडाभर सकाळी दहा, दुपारी चार आणि रात्री दहा वाजता आकडा लिहावा आणि आलेख काढावा. वादळी हवा नसेल तर दोनशे वर्षांपूर्वी साइक्सला दिसलेले चढ-उतार मुलांना स्वतः दिसतील. एखाद्या दिवशी नियम मोडला असे वाटले, तर त्या दिवसाची हवा कशी होती तेही लिहावे.

दुसरे काम उकळत्या पाण्याचे. शिक्षकांच्या देखरेखीखाली पाणी उकळून तापमान पाहावे, १०० मधून वजा करावे आणि ३०० ने गुणावे. आलेली उंची गावाच्या नोंदलेल्या उंचीशी ताडून पाहावी. फरक का पडला, याची कारणे मुलांनीच शोधावीत. तापमापक प्रथम बर्फाच्या पाण्यात ठेवून शून्य दाखवतो का, हे पाहण्याची आठवण कोणाला होते, हेही बघावे.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. गावातल्या नदीत किंवा तळ्यात मासे पकडणाऱ्या माणसाकडे जाऊन त्याला ठाऊक असलेली माशांची नावे, ते मासे कोठे आणि कोणत्या महिन्यात सापडतात, आणि पूर्वी सापडत असून आता सापडत नाहीत असे कोणते, हे विचारून लिहावे. खडकवासल्याचे धरण १८७९-८० च्या सुमारास झाले, पुढे वर आणखी धरणे झाली, शहराचे सांडपाणी नदीत आले, बाहेरचे मासे आले. शनिवार पेठेजवळच्या मुठेत साइक्सच्या यादीतले कितीतरी मासे आता शोधूनही मिळत नाहीत. इतर नद्यांवर अजून विचारण्यासारखी माणसे आहेत. वहीत माशाच्या नावाशेजारी एक रकाना आणखी आखावा आणि ज्याने सांगितले त्याच्या परवानगीने त्याचे पूर्ण नाव त्यात लिहावे. साइक्सच्या वहीत हा रकाना नव्हता.